गाडी तापेपर्यंत

४ फेब्रुवारी

प्रिय ठिणगी,

तुझ्या वडिलांची गाडी पेट्रोल पीत नाही, ढोसते. सोमवारी दोन लिटर टाकलं आणि शुक्रवारी काटा पुन्हा तळाशी लोळत होता. मधल्या काळात मी काही देशाटनाला गेले नव्हते. सकाळी लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या बनवायला गेले, संध्याकाळी घरी आले, एवढंच.

तक्रार तुझ्याकडे करतेय कारण हे लोढणं तू माझ्या गळ्यात बांधलंस. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आबांना गाडी चालवायची बंदी केली, तेव्हा तू बॅग भरता भरता मला बजावलंस, "वहिनी, गाडी रोज कामावर तू घेऊन जा. किल्ली तुझ्या पर्समध्ये राहील आणि गाडी दिवसभर त्यांच्या नजरेसमोर राहणार नाही." मी मान डोलावली. तुझा दादा जहाजावर आणि तू दूरच्या शहरात, तेव्हा मान डोलवायला मीच उरले होते.

सकाळी सुरू केली की ती अशी किंचाळते की समोरचे शिंपी खिडकी लावून घेतात. मागून कच्च्या पेट्रोलचा वास येतो. तू दिवसभर लोकांच्या गाड्यांचा धूर तपासतेस, त्याचा पगार घेतेस. मग घरच्या गाडीला काय झालंय ते सांग.

फोन करत नाही, कारण फोन आबांच्या खोलीत आहे. त्यांचे डोळे गेले असतील, कान अजून टवटवीत आहेत. गाडीचा 'ग' ऐकला की "मी एकदा बघू का" सुरू होतं. उत्तर लॅबच्या पत्त्यावर पाठव.

तुझी,
वहिनी


११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

आधी एक गोष्ट समजून घे, म्हणजे निम्मा वैताग कमी होईल. आबांची गाडी रोटरी आहे. तिच्या इंजिनात चारचौघींसारखे वरखाली होणारे पिस्टन नाहीत. तीन कोनांचा एक लोखंडी तुकडा आत गोल गोल फिरतो. चालते रेशमासारखी, पण खादाड आहे. जन्मतःच आहे. आबांनी ती घेतली तेव्हा आई महिनाभर त्यांच्याशी बोलली नव्हती.

पण तू म्हणतेस तेवढी खादाड नसावी. धुराच्या नळीत बोटाएवढा एक ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते हुंगून तो गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो, की पेट्रोल जास्त होतंय, हात आखड. ही इंजिनं थोडं तेलही जाळतात. त्याची काजळी सेन्सरवर बसली की त्याचं नाक चोंदतं. मग कॉम्प्युटर हात सैल सोडतो. सेन्सर बदलून घे. आणि प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की किती लिटर भरलं आणि गाडी किती किलोमीटर चालली, ते मला कळव. आकडे असल्याशिवाय मला गाडीतलं काही समजत नाही.

आबा कसे आहेत? रागावले असतील तर रागावू देत. काचबिंदू रागावून कमी होत नाही.

ठिणगी


२ मार्च

प्रिय ठिणगी,

सेन्सर बदलला. गॅरेजवाला गाडीखाली शिरला, तो जुना सेन्सर निघता निघेना. त्याने त्या सेन्सरच्या, गाडीच्या आणि गाडी बनवणाऱ्यांच्या आईवडिलांची आठवण काढली. मी शेजारी स्टुलावर बसून ऐकत होते. मग नवा बसवला आणि म्हणाला, "आता बघा."

बघितलं. लिटरला साडेपाच किलोमीटर. आधीही साडेपाचच होतं.

तुझं शास्त्र तुझ्यापाशी ठेव. मी पाच मिनिटांत लॅबला पोचते, एवढ्यात ही बया एवढं पेट्रोल कुठे घालते ते मला समजत नाही. गॅरेजवाला म्हणतो रोटरी म्हणजे असंच. मग सेन्सर कशाला बदलला, विचारलं, तर म्हणाला, "तुम्हीच सांगितलंत." मी म्हणाले, माझ्या नणंदेने सांगितलं. तो म्हणाला, मग नणंदेला विचारा.

म्हणून विचारते.

वहिनी


९ मार्च

वहिनी,

कुठली पाच मिनिटं? तुझी लॅब स्टेशनच्या पलीकडे आहे ना?


ता. क. पत्र पाकिटात घालता घालता आठवलं. मागच्या वर्षी लॅब हलली, असं दादाने लिहिलं होतं. म्हणजे तू बेकरीच्या मागच्या त्या गल्लीत जातेस? तिथे तर मी लहानपणी लंगडी घालत जायची! पाकीट पुन्हा उघडलं आहे, नीट वाच.

सेन्सरमध्ये बिघाड नव्हता. तो गार आहे. हल्लीच्या सेन्सरला स्वतःची छोटी शेगडी असते, मिनिटभरात तापतो. आपल्या जुन्या गाडीतल्याला ती नाही. त्याला धुराच्याच उष्णतेवर तापावं लागतं आणि तापेपर्यंत तो मुका असतो. तो बोलत नाही तोवर कॉम्प्युटर अंदाजाने पेट्रोल ओततो, आणि इंजिन गार असताना हा अंदाज फार सढळ असतो. तू पोचतेस तेव्हा सेन्सर जेमतेम कोमट झालेला असतो, की तू इंजिन बंद करतेस. संध्याकाळी पुन्हा तेच. म्हणजे रोज तू त्याला जागं करतेस आणि डोळे उघडायच्या आत परत झोपवतेस. जुना काय आणि नवा काय, तू गाडी न्यायला लागल्यापासून सेन्सर एक शब्द बोललेला नाही.

उपाय सोपा आहे. दर रविवारी गाडी मोठ्या रस्त्याने काढ. पाणीपुरवठ्याच्या टाक्यांपर्यंत जा, पुढचा चढ चढ, तासाभराने परत ये. इंजिन नीट तापू दे. काजळी जळेल, सेन्सर बोलेल, तुझं डोकं थंड होईल.

ठिणगी


१५ मार्च

ठिणगी,

मी मोठ्या रस्त्यावर गाडी चालवत नाही. तू विसरलीस की मुद्दाम लिहितेस?

तुझ्या वडिलांनी, लायसन्स खात्याचे सर्वांत कडक परीक्षक म्हणून ज्यांची या गावात ख्याती होती त्यांनी, मला तीनदा नापास केलं होतं. तिसऱ्या वेळी मी परीक्षेच्या मैदानाबाहेर रडत उभी होते आणि एका मुलाने मला रुमाल दिला. पुढे कळलं की तो परीक्षकांचाच मुलगा. लग्न झालं, चौथ्या खेपेला लायसन्सही मिळालं, ते वेगळं. पण मोठा रस्ता दिसला की अजून माझ्या कानात तुझ्या वडिलांची पेन्सिल कागदावर खरडते.

चालत गेले तर मी दहा मिनिटांत लॅबला पोचेन. रोज गाडी न्यायची, कारण तू सांगितलंस. पेट्रोल जास्त जातं, कारण रोज गाडी नेते. आणि यावर उपाय म्हणून आणखी पेट्रोल जाळून डोंगर चढून ये, हेही तूच सांगतेस. तुझ्या ऑफिसात सगळेच असा विचार करतात का?

आबा गप्प आहेत. सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसतात आणि मी गाडी मागे घेताना तोंड फिरवतात. माझं मागे घेणं त्यांना बघवत नाही की गाडी जाताना बघवत नाही, ते विचारायचं धाडस मला होत नाही.

वहिनी


२० एप्रिल

प्रिय ठिणगी,

मागच्या पत्रात मी जरा तिखट लिहिलं. तू उत्तर दिलं नाहीस, ते मी समजू शकते.

पण आता आनंदाची बातमी. गाडी सुधारली! आकडे सोबत जोडले आहेत. लिटरला साडेआठच्या वर! मी काही केलेलं नाही. गॅरेजवाला म्हणाला, नवा सेन्सर बसायला थोडा वेळ लागला असेल. सकाळची किंचाळीही कमी झाली, वासही नाही. तुझं शास्त्र खरं निघालं, उशिरा का होईना. मी माघार घेते.

पंपावर मात्र मी पूर्वीपेक्षा जास्तच वेळा जाते. ते कसं, कळत नाही. पण लिटरला साडेआठ म्हणजे चांगलंच ना?

आबाही बरे आहेत. भूक सुधारली आहे. परवा तर त्यांनी स्वतःहून माझ्या कामाबद्दल विचारलं, खालची कवळी वरच्यापेक्षा सैल का बसते म्हणून.

वहिनी


२७ एप्रिल

वहिनी,

तू भागाकार केलास, बेरीज केली नाहीस.

तुझे आकडे मी तीनदा बघितले. घर ते बेकरीमागची गल्ली आणि परत, महिनाभर, रविवार सोडून. तू गाडीला प्रदक्षिणा घालत गेलीस तरी एवढे किलोमीटर होत नाहीत. गाडी कित्येक पटींनी जास्त चालली आहे. आणि सेन्सर 'बसायला' वेळ लागत नाही, तो काही नवा जोडा नाही. तो बोलायला लागला कारण तो तापतोय. तापतोय कारण कुणीतरी गाडी लांब नेतंय. नेहमी, आणि बराच वेळ.

गाडी दिवसा लॅबच्या दाराशी उभी असते ना? किल्ली तुझ्याकडे असते ना? मग कोण?

गॅरेजवाल्याने किल्लीची नक्कल करून घेतली असेल तर त्याला सोडू नकोस. आणि तसं नसेल, तर लगेच लिही. लगेच म्हणजे आजच.

ठिणगी


६ मे

प्रिय ठिणगी,

एवढी घाबरू नकोस. मीच आहे.

तुला आधी सांगितलं नाही, कारण हरल्यासारखं वाटत होतं. पहाटे रस्ता मोकळा असतो, तेव्हा थोडी थोडी लांब नेते. टाक्यांपर्यंत जाते, परत येते. बाकी सगळं ठीक. कामाची गर्दी आहे, म्हणून पत्र लहान.

वहिनी


१३ मे

माझ्या गुणी वहिनी,

मी खुर्चीवरून उठून नाचायची तेवढी राहिले. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, की तीनदा नापास झालेली माझी वहिनी पहाटे रोटरी घेऊन डोंगराकडे जाते. आमचा साहेब, जो कुणाचंच कौतुक करत नाही, तो म्हणाला, "रोटरीची तब्येत कशी सांभाळायची ते त्यांना बरोबर समजलं."

मला फार बरं वाटलं. खरं सांगते, मी भलताच संशय घेतला होता. आबांचा. दोन रात्री तळमळले. तू तिथे आहेस आणि मी उगाच काळजी करते. यापुढे करणार नाही.

चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ठेव, तिला दाबून धर, घाबरू नकोस. या इंजिनाला वेग आवडतो.

तुझी ठिणगी


१० जून

ठिणगी,

हे पत्र बसून वाच आणि शेवटपर्यंत वाच.

गाडी मी चालवत नव्हते. आबा चालवत होते.

तुझं एप्रिलचं पत्र आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॉनेटला हात लावला. गरम होतं. आबांकडे दुसरी किल्ली होती, ती कधी आपल्या कुणाच्या लक्षातच आली नाही. ते पहाटे उठायचे, हँडब्रेक सोडायचे, गाडी उतारावरून आवाज न करता कोपऱ्यापर्यंत घरंगळू द्यायचे आणि तिथे सुरू करायचे. मी उठायच्या आत परत.

त्यांना रंगेहाथ पकडायचं म्हणून मी दुसऱ्या पहाटे आधीच गाडीत जाऊन बसले, शेजारच्या सीटवर, शाल गुंडाळून. आबा आले. दार उघडलं, बसले, आरसा नीट केला. अंगणातला दिवा लागलेला होता. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. ठिणगी, मी त्यांना दिसले नाही. त्यांनी गाडी सोडली, कोपऱ्यावर आणली, सुरू केली. मी खोकले तेव्हा त्यांचा हात स्टीअरिंगवरून सुटला.

तिथेच किल्ली काढून घ्यायला हवी होती, हे तू लिहिण्याआधी मीच लिहिते. मी हात पुढे केलाही होता. पण ते म्हणाले, "समोरचं मला सगळं दिसतं. तू बाजूचं सांग. टाक्यांपर्यंत जाऊ आणि परत येऊ." आई गेल्यापासून त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. साधा चहासुद्धा मागत नाहीत, समोर येईल तेव्हा घेतात. मी म्हणाले, "चला."

मग रोजच चाललो. मी सांगायची, डावीकडे हातगाडी आहे, उजवीकडून ट्रक येतोय, कुत्रं आहे, गेलं. ते चालवायचे, आणि किती छान चालवतात ते तुला माहीत आहे. चढावर इंजिन एका सुरात लागायचं तेव्हा ते मला शिकवायचे, आता ऐक, आता ती खरी तापली. परतताना जुन्या गोष्टी सांगायचे. मला सासरे इतकी वर्षं आहेत, पण वडीलधारं माणूस पहिल्यांदाच मिळालं, असं वाटलं. म्हणून तुला खोटं लिहिलं.

आता शनिवारचं. टाक्यांच्या अलीकडे मला शिंक आली. एकच शिंक. डोळे उघडले तर एक सायकलवाला आमच्या बाजूला अगदी चिकटून होता आणि आबा त्याच्याच अंगावर वळत होते. मी हँडब्रेक ओढला. गाडी आडवी झाली. तो सायकलसकट चरात गेला.

तो वाचला. कोपरं सोलली, गुडघा सुजला, पुढचं चाक वाकलं. आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. वाटभर तो बोलत होता आणि त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. आबा त्याला म्हणाले, तुम्ही एकदम आडवे आलात. तो म्हणाला, "काका, मी पेट्रोल पंपापासून तुमच्या बाजूला चालवतोय."

आबांनी त्यानंतर गाडीला हात लावलेला नाही. पण दुसरी किल्ली त्यांच्याच खिशात आहे आणि सायकलवाला एकदम आडवा आला, असंच अजून म्हणतात.

वहिनी


१६ जून

वहिनी,

मला तुझ्याशी बोलायचं नाही, पण लिहिणं भाग आहे.

ते आंधळे आहेत. तू नाहीस. तुझ्या शेजारी बसून त्यांना तू दिसली नाहीस आणि तू "चला" म्हणालीस. तो माणूस मेला असता तर तू मला काय लिहिणार होतीस, लिटरला किती पडले ते?

गाडी विकून टाक. या आठवड्यात. भंगारात घाल हवं तर. किल्ली काढून घे, देत नसतील तर बॅटरी काढून लॅबमध्ये नेऊन ठेव. विकली, असं पत्र आलं की मग पुढचं बोलू.

मी तुझं कौतुक सगळ्या ऑफिसला सांगितलं होतं.

ठिणगी


२१ जून

ठिणगी,

बॅटरी काढली. लॅबमध्ये माझ्या टेबलाखाली आहे.

गाडी विकणार नाही, ती माझी नाही. किल्ली मागितली, त्यांनी दिली नाही. हिसकावून घेणार नाही. मी सून आहे. माझ्या हाताने ते झालं तर उरलेली सगळी वर्षं ते माझ्या घरात पाहुण्यासारखे राहतील.

पहिल्या दिवसापासून तू सूचना पाठवतेस आणि मी पाळते. गाडी ने, सेन्सर बदल, डोंगर चढ, किल्ली काढून घे. चूक माझी आहे, ती मी कबूल केली, शिव्याही खाल्ल्या. पण वडील तुझे आहेत. त्यांच्या डोळ्यांत बघून सांगायचं आहे ते तू येऊन सांग.

पुढचं पत्र लिहू नकोस. गाडीत बस आणि ये.

वहिनी


९ जुलै

प्रिय वहिनी,

सुखरूप पोचले. साहेबाने रजेबद्दल तोंड वाकडं केलं, पण असू दे.

त्या रविवारी जेवताना तू दोनदा विचारलंस, मैदानावर काय झालं. दोन्ही वेळा आम्ही बापलेकींनी मीठ मागितलं. तोंडाने मला सांगता येत नव्हतं. लिहून सांगते.

मी किल्ली मागायला आले होते. सकाळी त्यांच्या खोलीत गेले तर ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "परीक्षा घे. नापास झालो तर किल्ली तुझी." पुढचं तुला ठाऊक आहे. तू बॅटरी बसवलीस, आम्हाला खात्याच्या जुन्या मैदानावर सोडलंस आणि आबा म्हणाले परीक्षेला बघे नकोत, म्हणून चालत घरी गेलीस.

मी शेजारी बसले. त्यांनी गाडी सुरू केली आणि तशीच उभी ठेवली. "आधी तापू दे," म्हणाले. तापमानाचा काटा वर चढेपर्यंत आम्ही बसलो. मग त्यांनी सुरुवात केली. खांबांच्या मधून उलटी नेली, एकदाही न थांबता. चढावर उभी करून सोडली, बोटभर मागे आली नाही. कुंपणापलीकडे ट्रक उभा होता, त्याची नंबरप्लेट वाचली. प्लेटखाली बारीक अक्षरात रंगाऱ्याचं नाव होतं, तेही वाचलं, जे मला वाचता आलं नव्हतं. वहिनी, मी हरत होते आणि मला आनंद होत होता. मनात म्हणत होते, डॉक्टर चुकले असतील, सायकलवालाच आडवा आला असेल.

तेव्हा मला समजलं, की तू "चला" का म्हणालीस.

मग मी म्हणाले, शेवटची परीक्षा. मी खाली उतरते. तुम्ही सरळ त्या भिंतीपर्यंत या, सावकाश, आणि माणूस दिसलं की थांबा. मी बाजूला गेले. त्यांनी गाडी सोडली. मी कडेने त्यांच्या बरोबरीने चालू लागले, हात वर करून, अंगात माझा तो भडक पिवळा सदरा. थोडी पुढे गेले आणि बॉनेटच्या कोपऱ्याकडे आत वळले. ते बघत होते, अगदी समोर, मान ताठ, दोन्ही हात जिथे असावेत तिथे. गाडी येत राहिली. मी बॉनेटवर जोरात हात आपटला, तेव्हा ती थांबली. माझ्या गुडघ्याला बंपर लागला होता.

त्यांनी काच खाली केली. चेहऱ्यावर राग नव्हता. विचारलं, "किती वेळ चालत होतीस?"

मी म्हणाले, "सुरुवातीपासून."

त्यांनी इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "लिही." माझ्याकडे कागद नव्हता, पण मी हो म्हणाले. त्यांनी सांगितलं, "गाडीवर ताबा उत्तम. समोरची नजर उत्तम. बाजूचं माणूस दिसत नाही. नापास." पूर्वी ते नापास झालेल्या प्रत्येकाला सांगायचे, महिन्याने परत या. आमच्या घरी येऊन हुज्जत घालणाऱ्यांनाही हेच सांगायचे. स्वतःला त्यांनी तेवढं सांगितलं नाही.

दार उघडून उतरले. बॉनेटवर हात ठेवून पुढून वळसा घातला आणि शेजारच्या सीटवर येऊन बसले. मी घरी चालवत आणली. ते शेजारी असताना मी ती गाडी चालवली, अशी ती पहिलीच वेळ. गिअर दोनदा खरडला, तरी ते एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दोन्ही किल्ल्या आता तुझ्याकडे आहेत. गाडी विकायची की नाही, ते तू ठरव. मी सूचना पाठवणं बंद करते आहे. बघू किती दिवस जमतं.

तुझी,
ठिणगी


३ ऑगस्ट

प्रिय ठिणगी,

चालत्या गाडीपुढे जाऊन उभी राहिलीस? 'ते आंधळे आहेत, तू नाहीस,' असं मला सुनावलंस ना? मी हे पत्र दोनदा फाडलं, इतकी चिडले होते. पुन्हा असलं काही केलंस तर तुझ्या दादाला तार करीन.

आता इथली हकीकत. सायकलवाल्याला मी नवं चाक घेऊन दिलं. आबा स्वतः बरोबर आले, काठी टेकत. त्याला म्हणाले, तुम्ही आडवे आला नव्हता. तो जुनं वाकलेलं चाक हातात धरून बसला होता. गडबडून म्हणाला, चहा घ्या.

गाडी विकली नाही. लॅबला मी चालत जाते. रविवारी मात्र गाडी काढते, मोठ्या रस्त्याने. मी चालवते आणि तुझे वडील शेजारी बसतात. हा छळ तू माझ्यावर कोणत्या जन्मीच्या वैरातून आणलास, ते विचारणार होते. गिअर उशिरा बदलला, ब्रेक लवकर दाबला, आरशात बघितलं नाहीस. त्यांना आरसा दिसत नाही, पण मी बघितलं नाही हे दिसतं. पहिल्या रविवारी मी टाक्यांपाशी गाडी थांबवून त्यांना सांगितलं, की आणखी एक शब्द बोललात तर परत तुम्ही चालत या. ते हसले. तो आवाज मी विसरूनच गेले होते.

सायकली दिसल्या की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. जाऊ दे. चढावर मी आता तिसऱ्यात ठेवते आणि तिला दाबून धरते.

काल मात्र एक गोष्ट झाली. डोंगराचा चढ संपला, रस्ता सरळ लागला, इंजिन पुरतं तापून एका सुरात चाललं होतं. बराच वेळ त्यांच्याकडून कसली चूक निघाली नाही, म्हणून मी बघितलं. आबा झोपले होते. मान खिडकीला टेकलेली, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल. तुझा दादा सांगतो, ते आयुष्यात दुसऱ्याच्या गाडीत कधी डोळे मिटून बसलेले नाहीत, लांबच्या बसमध्येसुद्धा ड्रायव्हरच्या मागची जागा धरून रात्रभर जागे राहायचे.

वळून परत यायची जागा आली. मी वळले नाही. तशीच पुढे गेले, पुढच्या गावापर्यंत, त्याच्याही पुढे.

पेट्रोल किती गेलं ते बघितलं नाही. तूही विचारू नकोस.

तुझी,
वहिनी